मागच्या चाकातून घूं-घूं आवाज, बेअरिंग बदलूनही परत येत होता: शेवटी कुठे सापडला

मागच्या चाकांकडून एका सुरात येणारा घूंऽऽ आवाज शोधण्यात माझं जवळजवळ दीड वर्ष गेलं. मधे दोनदा वाटलं की गेला, दोन्ही वेळा परत आला. आता 9 हजार किलोमीटर झालेत आणि गाडी शांत आहे, म्हणून काय काय करून बघितलं, कशाने खरं कळलं आणि कशाने उगाच फिरवलं ते सगळं लिहितोय. ज्यांचं मागचं बेअरिंग एकदा बदलून झालंय आणि तरी आवाज तसाच आहे त्यांनी नक्की वाचा, मी नेमका तिथेच अडकलो होतो.

गाडी साधी हॅचबॅक, इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना, मागे ट्विस्ट बीम (मागच्या दोन्ही चाकांना जोडणारा एकच आडवा लोखंडी दांडा) आणि ड्रम ब्रेक. आवाज सुरू झाला तेव्हा 62 हजार किलोमीटर झाले होते. ताशी 45 पर्यंत काही नाही, 50 ला हलकी गुणगुण सुरू व्हायची, 60 ते 75 च्या मधे सरळ घूंऽऽ, म्हणजे शेजारच्या इमारतीत कुणी पाण्याची मोटर चालू ठेवलीय तसा, आणि 85 च्या पुढे वाऱ्याच्या आवाजात मिसळून जायचा. खडखड नाही, स्टिअरिंगला थरथर नाही, ब्रेक मारला तरी फरक नाही. पुढे बसणाऱ्याला जेमतेम जाणवायचा पण मागच्या सीटवर बसलेला माणूस पाच मिनिटांत विचारायचाच की हा कसला आवाज येतोय.

मी गाडी मेकॅनिककडे नेली, त्याने एक चक्कर मारली आणि सांगितलं मागचं डावं बेअरिंग गेलंय. मलाही डावीकडूनच येतोय असं वाटत होतं त्यामुळे लगेच हो म्हटलं. बेअरिंग बदललं, गाडी घेऊन निघालो आणि 55 ला परत तोच आवाज, तोच सूर, कणभरही फरक नाही. घरी येऊन काढलेलं जुनं बेअरिंग हातात घेतलं, आतल्या कडीत दोन बोटं घालून कानाजवळ हळूहळू फिरवलं तर एकदम मऊ, कुठे अडकत नाही, कुठे खरखर नाही, ग्रीसचा रंगही चांगला. खराब झालेलं बेअरिंग असं फिरत नाही. त्यात बोटांना वाळूचा बारीक कण आल्यासारखं लागतं किंवा ठरावीक जागी खाचेत बसल्यासारखं वाटतं. म्हणजे चांगलं बेअरिंग काढून टाकलं होतं. तेव्हापासून एक नियम केला की पार्ट बदलायला सांगितला की बदलायच्या आधी त्याची चाचणी काय केली ते विचारायचं, आणि जुना पार्ट नेहमी परत मागून घ्यायचा, तो हातात असला की बऱ्याच गोष्टी कळतात.

कान इथे का फसतो ते सांगतो. चाकातला आवाज आपल्यापर्यंत हवेतून कमी आणि पत्र्यातून जास्त येतो, म्हणजे हबमधून (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) बीममध्ये, बीमच्या रबरी बुशातून बॉडीत, आणि मग डिकीचा मोकळा डबा तो घुमवतो. त्यामुळे उजव्या चाकाचा आवाज डाव्या खांबाजवळ मोठा ऐकू येऊ शकतो, इतकंच काय पुढच्या चाकाचा आवाजही मागून आल्यासारखा वाटू शकतो. म्हणून कानाने जागा ठरवायची नाही. कानाने फक्त एवढंच बघायचं की एखादी गोष्ट बदलल्यावर आवाज बदलला का, सरकला का, थांबला का. मी पुढे जे काही केलं ते सगळं याच एका पद्धतीने केलं, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि त्याच रस्त्याच्या त्याच तुकड्यावर त्याच स्पीडला परत ऐकायचं. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि आवाज गेला तर कशाने गेला ते कधीच कळत नाही आणि परत आला की आपण पुन्हा पहिल्या पायरीवर.

सगळ्यात आधी बघायचं की आवाज गाडीच्या स्पीडबरोबर जातोय का इंजिनाच्या फेऱ्यांबरोबर. मोकळा सरळ रस्ता, मागेपुढे कुणी नाही, आवाज स्पष्ट येतोय त्या स्पीडला गाडी न्यूट्रलमध्ये घाला आणि नुसती वाहू द्या. इंजिन बंद करायचं नाही हं, किल्ली तर अजिबात फिरवायची नाही, ब्रेकचा बूस्टर आणि पॉवर स्टिअरिंग दोन्ही जातं आणि किल्ली पूर्ण फिरली तर स्टिअरिंग लॉक होऊ शकतं. न्यूट्रलमध्ये इंजिनाचे फेरे खाली आले तरी आवाज तसाच राहिला आणि फक्त गाडी हळू होईल तसा खाली उतरत गेला तर तो चाकांशी फिरणाऱ्या वस्तूचा, म्हणजे टायर, बेअरिंग, ब्रेक, आणि इंजिनाची ताकद मागच्या चाकांना असेल तर डिफरन्शियल, म्हणजे ती ताकद दोन्ही चाकांना वाटून देणारा गिअरचा डबा. माझा असाच होता. उलट गाडी उभी असताना नुसती किल्ली ऑन केली आणि मागच्या सीटखालून बारीक कुंईऽ आली तर तो पेट्रोल टाकीतला पंप, चाकांचा काही संबंध नाही. बऱ्याच गाड्यांत किल्ली ऑन केल्यावर पंप दोन-तीन सेकंद वाजून थांबतो ते नॉर्मल आहे, पण चालू गाडीत सतत किंचाळत असेल आणि टाकी रिकामी होत आली की वाढत असेल तर पंप आणि फिल्टरकडे बघा.

दुसरी चाचणी सगळेच सांगतात ती, रस्ता मोकळा असेल तर 50-60 ला गाडी हळुवार डावीकडे मग उजवीकडे झुलवायची. गाडी डावीकडे वळली की वजन उजव्या चाकांवर जातं, तेव्हा आवाज वाढला तर उजवं बेअरिंग, उजवीकडे वळल्यावर वाढला तर डावं. पुढच्या चाकांना ही चाचणी बऱ्यापैकी लागू पडते पण हलक्या गाडीच्या मागच्या चाकांवर मुळात वजनच कमी असतं, मागे कुणी बसलेलं नसताना तर फारच कमी, त्यामुळे काही फरक पडला नाही म्हणून बेअरिंग चांगलंच आहे असं धरू नका. मी मागे दोन माणसं बसवून केली तरी मला ठाम काही कळलं नाही. ज्याला स्पष्ट फरक कळतो त्याचं काम सोपं झालं, ज्याला कळत नाही त्याने यावर वेळ घालवू नये.

तिसरी चाचणी फार साधी आहे आणि तिचाच मला सगळ्यात जास्त उपयोग झाला. वेगवेगळ्या रस्त्यांवर ऐका. सिमेंटचा रस्ता, जुना खडबडीत डांबरी आणि नवीन गुळगुळीत डांबरी, स्पीड एकच. बेअरिंगला खाली रस्ता कुठला आहे याने फारसा फरक पडत नाही, त्याचा सूर तोच राहतो. टायरचा आवाज मात्र रस्त्याबरोबर बदलतो. माझा आवाज नवीन गुळगुळीत डांबरावर जवळजवळ अर्धा व्हायचा आणि सिमेंटवर मोठा व्हायचा. हे मी बेअरिंग बदलायच्या आधी बघायला हवं होतं.

तरी चाकं उचलून बघितलीच. हे घरी करणार असाल तर जागा सपाट हवी, पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे किंवा दगड, पुढच्या चाकांना ताकद असलेली गाडी असेल तर पहिला गिअर टाकून ठेवायचा, आणि मगच हँडब्रेक सोडायचा, कारण हँडब्रेक लागलेला असेल तर मागचं चाक फिरणारच नाही. जॅक लावल्यावर खाली स्टँड ठेवायचा, नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली हात डोकं काही घालायचं नाही. मागे ताकद असलेली गाडी असेल तर गिअर न्यूट्रलमध्ये लागेल, म्हणजे ठोकळे अजून पक्के हवेत.

चाक उचललं की एक हात वर बाराच्या जागी आणि एक खाली सहाच्या जागी धरून आत-बाहेर हलवायचं, मग तीन आणि नऊच्या जागी धरून परत. कट-कट असं जाणवलं तर प्ले आहे. मागे स्टिअरिंगचे रॉड नसतात म्हणून ट्विस्ट बीमच्या गाडीत हा प्ले बहुतेक वेळा बेअरिंगचा किंवा सैल हब नटचाच असतो. खात्री करायची असेल तर कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवून बघा, ब्रेक दाबल्यावर प्ले गायब झाला तर तो बेअरिंगमध्येच आहे, कारण ब्रेकने ड्रम मागच्या प्लेटला धरून ठेवला. तेव्हाही प्ले राहिला तर बुश किंवा बीमकडे बघायला लागेल.

मग चाक हाताने फिरवायचं आणि दुसऱ्या हाताची बोटं सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर हलकेच टेकवून ठेवायची. ही युक्ती मला एका जुन्या मेकॅनिकने शिकवली आणि ही खरंच करून बघण्यासारखी आहे. कानाला काही ऐकू येत नसतं पण बेअरिंग खराब असेल तर स्प्रिंगवर बोटांना बारीक गुरगुर लागते, जसं मांजराच्या पाठीवर हात ठेवल्यावर लागते तशी. माझ्या दोन्ही बाजूंना काही नाही, डावीकडे नवीन होतं आणि उजवीकडे जुनं, दोन्ही सारखीच गुळगुळीत. फिरवताना ड्रममध्ये लायनर किंचित घासल्याचा स्स्स आवाज आला तर घाबरू नका, चाक सहज दोन-तीन फेरे फिरत असेल तर तेवढं चालतं. अर्ध्या फेरीत थांबत असेल तर मात्र ब्रेक धरतोय, हँडब्रेकची केबल गंजून अडकली असेल किंवा व्हील सिलिंडर परत येत नसेल.

ब्रेक धरतोय का हे बघायला अजून एक सोपी गोष्ट म्हणजे उष्णता. वीस-पंचवीस मिनिटं गाडी चालवायची, शेवटचे दोन-तीन किलोमीटर ब्रेक शक्य तितका कमी वापरायचा, आणि थांबल्यावर लगेच दोन्ही मागच्या चाकांचं तापमान बघायचं. लेझरवाला थर्मामीटर असेल तर उत्तम, नसेल तर चाकाला हात न लावता तळवा जवळ नेऊन बघा, आणि वास घ्या. दोन बाजू एकमेकींशी ताडून बघायच्या, नुसत्या आकड्याला अर्थ नाही. एक बाजू ठळक जास्त तापली असेल तर त्या बाजूला काहीतरी घासतंय, ड्रमच्या कडेला जास्त गरम तर ब्रेक, मधे हबच्या टोपणाजवळ जास्त गरम तर बेअरिंग. माझ्या दोन्ही बाजू सारख्या.

एवढं झाल्यावर उरला टायर. इथे मला स्वतःचा राग आला कारण टायर मी आधीही बघितले होते, म्हणजे उभ्याने वाकून बघितले होते, आणि खाचा भरपूर शिल्लक होत्या त्यामुळे टायर ठीक आहेत असं धरून चाललो होतो. टायर डोळ्याने बघून कळत नाही, हाताने बघावा लागतो. चाक उतरवलं, उभं धरलं आणि आतल्या कडेच्या पट्ट्यावरून तळहात हळू फिरवला. एका दिशेने हात सरसर गेला, उलट दिशेने फिरवला तर प्रत्येक ठोकळ्याची कड तळहाताला करवतीसारखी लागली. आणि त्याशिवाय खालीवर, खालीवर अशा लाटा होत्या, इतक्या उथळ की डोळ्याला दिसत नव्हत्या. हात लावताना जपून लावा, टायर जास्त झिजलेला असेल तर आतल्या तारा बाहेर आलेल्या असू शकतात आणि त्या चांगल्याच कापतात. उजवा टायर लावून बघितला तर त्याला हे जवळजवळ नव्हतंच, सगळं डाव्याला.

खात्री म्हणून मी पांढरा खडू घेतला आणि टायर फिरवत फिरवत प्रत्येक खोलगट जागेवर खूण केली. 20 खुणा झाल्या. मग टायरवर एक खूण करून गाडी जमिनीवर बरोबर एक फेरा ढकलली आणि टेपने मोजलं, 188 सेंटिमीटर. आता ताशी 60 म्हणजे सेकंदाला 16.7 मीटर, म्हणजे चाकाचे सेकंदाला जवळजवळ 9 फेरे, आणि प्रत्येक फेऱ्यात 20 लाटा, म्हणजे सेकंदाला साधारण 177 ठोके. फोनवर आवाजाचा आलेख दाखवणारं ॲप टाकलं, मेव्हण्याला मागच्या सीटवर फोन धरून बसवलं आणि मी मीटरवर 60 धरून चालवली, आलेखात 175 हर्ट्झच्या आसपास एक उंच सुळका उभा होता. 75 ला चालवली, सुळका सरकून 220 च्या जवळ गेला, हिशोबाने 222 यायला हवा होता. स्पीडोमीटर खऱ्या वेगापेक्षा थोडं जास्तच दाखवतो त्यामुळे आकडा किंचित खाली येणारच. त्या क्षणी मला पहिल्यांदा खात्री वाटली की आवाज सापडला. ही आकडेमोड प्रत्येकाने करायला पाहिजे असं नाही पण ज्याला बेअरिंग का टायर हा प्रश्न सुटत नाहीये त्याने जरूर करावी, फोन आणि खडू एवढंच लागतं.

ज्यांना आकडे नको त्यांच्यासाठी सोपा पुरावा म्हणजे मागचे टायर पुढे आणि पुढचे मागे. आवाज टायरबरोबर पुढे गेला तर टायर, मागेच राहिला तर टायर सोडून दुसरं काहीतरी. फक्त एक लक्षात ठेवा, टायरच्या बाजूवर फिरण्याचा बाण असेल तर डावा-उजवा बदलायचा नाही, त्याच बाजूला पुढे-मागे करायचा. आणि बाण नसलेला टायर डावा-उजवा केला तर झिजलेल्या कडा उलट्या दिशेने फिरायला लागतात त्यामुळे पहिले काही दिवस आवाज उलट वाढल्यासारखा वाटू शकतो. माझा आवाज बदल केल्यावर स्पष्ट पुढे आला, पुढच्या डाव्या पायाशी. टायर बदलून बघायची सोय नसेल तर एका चक्करपुरती हवा 4-5 पीएसआय वाढवून बघा, टायरच्या भिंतीवर लिहिलेल्या कमाल मर्यादेच्या आत, आवाजाचा पोत बदलला तर संशय टायरवर. नंतर हवा परत कंपनीने सांगितलेल्या आकड्यावर आणायला विसरू नका.

आता खरं म्हणजे मुख्य मुद्दा. टायर सापडला म्हणून मी खूश झालो, दोन्ही मागचे टायर नवीन टाकले, गाडी एकदम शांत. पाच महिन्यांनी, सात-साडेसात हजार किलोमीटरवर, परत घूंऽऽ. टायर मागे-पुढे केले, परत शांत, आणि चार महिन्यांत परत. म्हणजे आवाज टायरमधून येत होता हे खरं पण टायर बिचारा मार खात होता, त्याला खाणारं दुसरंच काहीतरी होतं. आवाज परत परत येतो तो बहुतेक वेळा असाच, आपण वाजणारी वस्तू बदलतो आणि तिला खराब करणारी वस्तू तिथेच राहते.

टायरला अशा लाटा पडायची दोन मोठी कारणं. एक म्हणजे थकलेला शॉकअप. स्प्रिंग चाकाला खाली ढकलते आणि शॉकअप त्या उड्या आवरतो, तो कमजोर झाला की चाक रस्त्याला चिकटून न राहता बारीक बारीक उड्या मारत चालतं आणि प्रत्येक वेळी टेकतं तिथे रबर घासलं जातं. दुसरं कारण टो, म्हणजे चाक सरळ पुढे न बघता किंचित आत किंवा बाहेर बघतंय, त्यामुळे ते घरंगळत असतानाच थोडं थोडं आडवं ओढलं जातं आणि ठोकळ्यांच्या कडा करवतीसारख्या होतात. माझ्या टायरला लाटा पण होत्या आणि करवत पण.

शॉकअप बघायला डिकी दाबून सोडायची आणि किती वेळा डोलते ते मोजायचं असं सांगतात, पण पूर्ण मेलेला शॉकअपच त्याने सापडतो, अर्धवट थकलेला पास होऊन जातो. चाक काढून शॉकअपच्या नळीवर बघा, तेलाचा ओघळ आणि त्यावर चिकटलेली धूळ असेल तर गेला. नुसता पुसट ओलसरपणा चालतो, ओघळ नाही. माझा डावा अर्ध्यापर्यंत काळा चिकट झाला होता. बदलताना दोन्ही बाजूंचे एकदम बदला, एक नवीन एक जुना असं ठेवू नका.

आणि अलाइनमेंट. मी या दीड वर्षात तीन वेळा अलाइनमेंट केली होती आणि तिन्ही वेळा सगळं ओके असं सांगितलं होतं. चौथ्या वेळी मशीनजवळ उभं राहून बघितलं तेव्हा कळलं की ते फक्त पुढच्या चाकांचे आकडे बघत होते, मागच्या चाकांना सेन्सर लावतच नव्हते कारण या प्रकारच्या गाडीत मागे ॲडजस्ट करायला काही नसतं. ॲडजस्ट करता येत नाही हे बरोबर, पण मोजता तर येतं ना! दुसरीकडे जाऊन चारही चाकांची मोजणी करून घेतली, छापील कागद मागितला, आणि मागचं डावं चाक मर्यादेच्या बरंच बाहेर, उजवं मात्र बरोबर मधे. एकाच बाजूला इतका फरक म्हणजे काहीतरी वाकलंय. मग आठवलं, आवाज सुरू व्हायच्या महिना-दोन महिने आधी रात्री एका मोठ्या खड्ड्यात मागचं डावं चाक जोरात आदळलं होतं, रिम तपासला होता, ठीक होता, म्हणून विषय सोडून दिला होता. माझ्या गाडीत हब ज्या दांड्यावर बसतो तो स्टब ॲक्सल बीमला बोल्टने लावलेला आहे, तो काढून सपाट काचेवर ठेवला तर त्याच्या पाटाची एक कड काचेपासून उचललेली दिसत होती. तो बदलला, दोन्ही शॉकअप बदलले, परत मोजणी केली, डावं चाक मर्यादेत आलं, आणि त्यानंतरच टायर परत नवीन टाकले. लाटा पडलेला टायर कारण दूर झाल्यावर आपोआप सपाट होईल असं कुणी सांगितलं तर त्यावर फार विसंबू नका, पुढच्या चाकांवर टाकून थोडाफार सुधारतो पण आवाज पूर्ण जात नाही.

ज्यांच्या गाडीत खरंच बेअरिंगच निघालं आणि तेही परत परत जातंय, त्यांनी बसवण्याकडे बघावं. दाबून बसवायचं बेअरिंग असेल तर ते त्याच्या गोल खोबणीत बसवताना जोर बाहेरच्या कडीवर यायला हवा आणि हब दाबताना आतल्या कडीला खालून आधार हवा. चुकीच्या कडीवर दाबलं की सगळा जोर गोट्यांमधून जातो, गोट्यांच्या मार्गावर बारीक खड्डे पडतात आणि नवं बेअरिंग पहिल्या दिवसापासून गुणगुणतं. हातोड्याने ठोकून बसवलेलं बेअरिंग याच कारणाने मरतं. हब नट नवीन वापरायचा आणि मॅन्युअलमधल्या आकड्याएवढा टॉर्क पान्याने आवळायचा, अंदाजाने नाही. बऱ्याच गाड्यांत बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्येच एबीएससाठी चुंबकीय पट्टी असते, ती बाजू उलटी बसली तर एबीएसचा दिवा लागतो आणि सगळं परत उघडावं लागतं. जुन्या पद्धतीची टेपर बेअरिंगची जोडी असेल तर तिथे नट गच्च आवळायचा नसतो, चाक फिरवत आवळून मग सांगितल्याप्रमाणे थोडा सैल करून पिन घालायची, जास्त घट्ट राहिला तर बेअरिंग तापून जातं.

मागच्या चाकांना ताकद असलेल्या गाडीत अजून एक मोठा संशयित आहे, डिफरन्शियलचा क्राऊन-पिनियन, म्हणजे त्यातली मोठ्या आणि छोट्या दातेरी चाकाची जोडी. त्याची ओळख म्हणजे आवाज ॲक्सिलरेटरवर बदलतो. दाबल्यावर कुंईऽऽ आणि सोडल्यावर गप्प, किंवा उलट. बेअरिंग आणि टायर असं करत नाहीत, त्यांना पाय कुठे आहे याने फरक पडत नाही. डिफरन्शियलचा सूर सहसा बारीक असतो कारण पिनियन चाकापेक्षा तीन-चार पट वेगाने फिरतं आणि वर प्रत्येक दात वाजतो. अशा गाडीत पहिलं काम म्हणजे ऑइलची पातळी बघणं आणि पिनियनच्या सीलमधून गळती आहे का ते बघणं. ऑइल कमी असताना चालवत राहिलं तर जो आवाज नुसतं ऑइल भरून थांबला असता तो दात खराब झाल्यावर कायमचा होतो.

बाकी किरकोळ गोष्टी पटकन सांगतो. मागे डिस्क असेल तर डिस्क आणि मागच्या पत्र्यामधे बारीक खडा अडकून भयंकर आवाज येतो, रिव्हर्स घेऊन पुढे आलं की कधी कधी पडून जातो. पॅड संपत आले की त्यावरची पत्र्याची जीभ डिस्कला घासून बारीक किंचाळते, ती मुद्दामच तशी लावलेली असते. वरच्या कॅरिअरच्या दांड्या आणि मागच्या दाराचं रबर शिट्टी वाजवतात, तिथे चिकटपट्टी लावून एक चक्कर मारा, गेला तर तोच.

चाकात हाताने कळेल एवढा प्ले असेल, हब हात जवळ नेता येणार नाही इतका तापत असेल, जळका वास येत असेल, किंवा गुणगुणीची घरघर होऊन सोबत एबीएसचा दिवा लागला असेल तर पुढच्या चाचण्या करत बसू नका, गाडी टो करून न्या. पूर्ण गेलेलं बेअरिंग चाकासकट निघू शकतं, आणि ते चालत्या गाडीत होतं.

सध्या मी हवा तपासतो तेव्हा दर वेळी मागच्या डाव्या टायरच्या आतल्या पट्ट्यावरून तळहात दोन्ही दिशांनी फिरवतो. काल फिरवला, दोन्हीकडून सारखाच लागला. तुमचा आवाज वेगळा असेल तर किती स्पीडला सुरू होतो, न्यूट्रलमध्ये काय होतं, गुळगुळीत रस्त्यावर कमी होतो का आणि टायर हाताला कसा लागतो एवढं लिहा, त्यावरून पुढचं नक्की सांगता येईल.